सोलापुरातून बीडीएसला जाताना: कागद, पसंतीक्रम आणि कुणी घेत नाही ती मुलाखत

भारतात बीडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकीच्या पदवीच्या, प्रवेशाला मुलाखत नसते. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण नीट या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की पालकांना फोन सुरू होतात: 'मॅनेजमेंट कोट्यात नाव बसवतो, अमुक तारखेला मुलाखतीला या, येताना टोकनची रक्कम आणा.' जागा सरकारी असो, खासगी असो की अभिमत विद्यापीठातली, ती नीटच्या गुणवत्तेवर आणि ऑनलाइन समुपदेशनातूनच (काउन्सेलिंग, म्हणजे जागावाटपाची प्रक्रिया) मिळते. खासगी कॉलेजातला १५ टक्के संस्थात्मक कोटाही याला अपवाद नाही. तिथे फी जास्त असते, पण नीटची अट तीच. मुलाखतीच्या नावाखाली कुणी पैसे मागत असेल, तर फोन ठेवून द्या.

तरीही तोंडी उत्तरं द्यावी लागतात, ती वेगळ्या टेबलांवर. कागद तपासणारा कारकून, कर्ज देणारा बँक मॅनेजर, परदेशात जायचं ठरलं तर तिथलं पॅनल. आणि एक मुलाखत तुम्हीच कॉलेजची घ्यायची असते. बहुतेक जण नेमकी तीच घेत नाहीत.

पात्रता: बारावी सोडून देऊ नका

प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण हवीत. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं, आणि या तीन शास्त्रांची बेरीज खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के, खुल्या प्रवर्गातल्या दिव्यांगांना ४५ टक्के. महाराष्ट्र बोर्डाच्या भाषेत ३०० पैकी अनुक्रमे १५०, १२० आणि १३५. आकडे सोपे वाटतात, पण दोन वर्षं फक्त नीटच्या क्लासला बसून कॉलेजचं तोंड न पाहिलेली मुलं फिजिक्समध्ये अडकतात. नीटला भरपूर गुण आणि पीसीबी, म्हणजे या तीन शास्त्रांची बेरीज, १४६, अशी गुणपत्रिका घेऊन कुठेही दाद मागता येत नाही.

नीटचा साचा २०२५पासून असा आहे: १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. भौतिक ४५, रसायन ४५, जीवशास्त्र ९०. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीचा १ वजा. पूर्वीचे पर्यायी प्रश्न आता नाहीत. निम्मा पेपर जीवशास्त्राचा असल्यामुळे बीडीएस डोळ्यासमोर ठेवलेल्या विद्यार्थ्याने आधी तो पक्का करावा. एनसीईआरटीच्या पुस्तकांची ओळन् ओळ, आकृतीखालच्या मजकुरासकट.

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी एक बारीक गोष्ट. नीटची मराठी प्रश्नपत्रिका फक्त महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मिळते. अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याकडच्या विद्यार्थ्याने 'विजयपूर जवळ पडतं' म्हणून कर्नाटकातलं ते केंद्र भरलं, तर मराठीचा पर्यायच राहत नाही. शहराच्या पसंतीत सोलापूर पहिलं टाका. मराठी पुस्तिकेत इंग्रजी मजकूरही शेजारी असतो, आणि भाषांतरात शंका आली तर इंग्रजीच ग्राह्य धरतात. म्हणून संज्ञा दोन्ही भाषांत पाठ हव्यात: पेशीभित्तिका म्हणजे सेल वॉल, हे पेपरात शोधत बसायला वेळ नसतो.

महाराष्ट्राचा विद्यार्थी कोण, हा प्रश्न सोलापुरात जास्त जाचतो

सरकारी दंत महाविद्यालयांच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात आणि त्या दिल्लीची वैद्यकीय समुपदेशन समिती, म्हणजे एमसीसी, भरते. उरलेल्या ८५ टक्के, आणि खासगी कॉलेजांच्या राज्य कोट्याच्या जागा, महाराष्ट्राचा सीईटी सेल, म्हणजे राज्याची प्रवेशयंत्रणा, भरतो. राज्य कोट्यासाठी अधिवास तर हवाच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली हवीत.

इथेच आपल्या जिल्ह्यातली मुलं फसतात. सोलापूर म्हणजे मराठी, कन्नड, तेलुगू एकाच गल्लीत. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागातली काही मुलं आजोळी कर्नाटकातल्या इंडी किंवा आळंदला शिकतात. पूर्व भागातली काही तेलुगू कुटुंबं मुलांना अकरावी-बारावीला हैदराबादच्या निवासी कॉलेजात घालतात. कुणी कोटा शहरात क्लासला जातं आणि बारावीही राजस्थानातूनच देतं. घर, रेशनकार्ड, मतदान सगळं सोलापुरात, पण दहावी किंवा बारावी बाहेरची, म्हणून राज्य कोटा बंद. बदलीवर असलेल्या केंद्र सरकारी आणि संरक्षण दलातल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना ठरावीक सवलती आहेत, इतरांनी त्यावर विसंबू नये. दहावीच्या सुट्टीत बाहेर प्रवेश घेण्याआधी हे घरात बोलून घ्या. क्लास कोटा शहरातला चालेल, बारावीचा फॉर्म मात्र महाराष्ट्रातल्या कॉलेजातून भरा.

याची दुसरी बाजूही आहे. कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या नियमांत गडिनाडू कन्नडिग (सीमाभागातले कन्नडभाषक) नावाची तरतूद आहे आणि तिच्यात दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट तालुक्यांची नावं आहेत. मातृभाषा कन्नड असेल, तर ठरावीक शर्ती पूर्ण करून आणि प्राधिकरणाची कन्नड भाषेची चाचणी देऊन तिकडच्या राज्य कोट्याचा दावा करता येतो. विजयपूर आणि कलबुर्गी दोन्हीकडे दंत महाविद्यालयं आहेत आणि सोलापुरातून तिथलं अंतर पुण्याच्या निम्म्याहून कमी. घरी कन्नड बोलणाऱ्या कितीतरी कुटुंबांना ही वाट माहीतच नसते. त्या वर्षीची कर्नाटकची माहितीपुस्तिका उतरवून शर्ती शब्दशः वाचा आणि कन्नड लिहिण्या-वाचण्याचा सराव ठेवा. बोलता येणं पुरत नाही.

जुने लोक अजून '७०-३०'चा हिशेब सांगतात: मराठवाडा वेगळा, विदर्भ वेगळा, आपण उर्वरित महाराष्ट्रात. ते प्रादेशिक आरक्षण २०२० साली रद्द झालं. आता राज्याची एकच गुणवत्ता यादी असते.

कागद: अकरावीतच सुरुवात

नीटचा निकाल आणि प्रवेशाची पहिली फेरी यांच्यात हाताशी फार दिवस नसतात. त्या दिवसांत सेतू केंद्रात रांग, सर्व्हर डाऊन, तहसील कचेरीत साहेब दौऱ्यावर. म्हणून दाखले परीक्षेआधी हातात हवेत.

सगळ्यांना लागणारे कागद असे: नीटचं प्रवेशपत्र आणि गुणपत्र, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, दहावीचं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, वय-राष्ट्रीयत्व-अधिवास प्रमाणपत्र, आधार, आणि माहितीपुस्तिकेतल्या नमुन्यावरच घेतलेलं वैद्यकीय पात्रता प्रमाणपत्र. हे शेवटचं डॉक्टरांच्या लेटरहेडवर आणलं तर परत पाठवतात. पुस्तिकेतलं पान छापून न्या, त्यावरच सही, शिक्का, नोंदणी क्रमांक घ्या. वर्ष वाया गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. फीसवलत हवी तर उत्पन्नाचा दाखला.

राखीव प्रवर्गासाठी जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता लागते. तिचा अर्ज अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजमार्फत जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे टाका. आजोबा-पणजोबांचा शाळेचा उतारा किंवा जुनी महसुली नोंद शोधण्यात महिने जातात. वडिलांची, काकांची किंवा आत्याची वैधता असेल तर काम हलकं होतं. एसईबीसीतून (सामाजिक आणि शैक्षणिक मागास प्रवर्ग) जाणाऱ्यांनाही हे लागू. ओबीसी, व्हीजे-एनटी (विमुक्त-भटके), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग), एसईबीसी यांना नॉन-क्रीमिलेअरही लागतं, आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते. तीन वर्षांपूर्वीचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून जपून ठेवलेलं असतं आणि मुदत याच मार्चला सरलेली असते, ही चूक हमखास होते. आज कपाट उघडून तारीख बघा.

राज्याचा आणि केंद्राचा प्रवर्ग एकच धरू नका. पद्मशाली समाज महाराष्ट्रात एसबीसीत आहे, धनगर समाज एनटी-सीत. एमसीसीच्या फॉर्ममध्ये असले रकाने नाहीत. तिथे केंद्राच्या ओबीसी यादीत आपल्या जातीची नोंद शोधायची आणि केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र तहसीलमधून वेगळं काढायचं. एसईबीसी केंद्रात चालत नाही.

आणि नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. मल्लिकार्जुनमध्ये एल एक की दोन, सिद्धेश्वरमध्ये डी एक की दोन, एकाच घरात तीन स्पेलिंगं. प्रमाण मानायचं ते दहावीच्या गुणपत्रिकेला. नीटचा फॉर्म भरण्याआधी आधार तिच्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या आणि फॉर्ममध्येही अक्षरन् अक्षर तसंच टाका. नंतर प्रतिज्ञापत्रांवर भागवता येतं, पण प्रत्येक टेबलावर ते नव्याने समजावून सांगावं लागतं.

दोन दारं, दोन फॉर्म

नोंदणी एमसीसीकडे आणि सीईटी सेलकडे स्वतंत्र करायची असते. नीट दिली म्हणजे नाव आपोआप यादीत जातं, हा समज खोटा. एमसीसीच्या अखिल भारतीय कोट्यासाठी खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये शुल्क आणि १०,००० अनामत, राखीवला ५०० आणि ५,०००. अभिमत विद्यापीठांसाठी ५,००० शुल्क आणि तब्बल २ लाख अनामत. कराडचं कृष्णा, सांगलीचं भारती, पिंपरीचं डी. वाय. पाटील हे सगळं अभिमत खात्यातलं. तिथे राज्य कोटा नाही आणि राज्याची फीसवलतही नाही. अनामत परत मिळते, पण ज्या खात्यातून भरली त्यातच, म्हणून सायबर कॅफेवाल्याच्या खात्यातून भरू नका. हे हसण्यावारी नेऊ नका, होतं असं.

पसंतीक्रम

सगळ्या प्रक्रियेत विचार करायची जागा ही एकच. बाकी सगळं नियमाप्रमाणे होतं.

संगणक तुमचा नंबर आला की यादी वरून वाचत येतो आणि जिथे जागा शिल्लक दिसते तिथे थांबतो. म्हणून यादी हवेपणाच्या क्रमाने लावायची, मिळण्याच्या शक्यतेने नाही. 'मुंबई मिळणार नाहीच, मग वर कशाला' असं म्हणून ज्याने मुंबई पाचवी टाकली, त्याला पहिल्या चारांतलं एखादं मिळालं की संगणक मुंबईपर्यंत पोचतच नाही. अशक्य पसंती वर टाकल्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते जिथे जायचंच नाही असं कॉलेज यादीत घातल्याने. ते मिळालं आणि फेरी पुढची असली तर अनामत जाते, किंवा प्रक्रियेतूनच बाहेर पडावं लागतं. एमसीसीत पहिल्या फेरीतून मोकळं बाहेर पडता येतं, दुसरीत अनामत जाते, तिसरीपासून सुटका नाही. सीईटी सेलचे नियम वेगळे असतात, ते त्या वर्षीच्या पुस्तिकेतून वाचा. तिथे 'स्टेटस रिटेन्शन'चा फॉर्म भरला, तर हीच जागा पक्की, पुढच्या फेऱ्या बंद. कॉलेजच्या काउंटरवर 'इथे सही करा' म्हणून तो पुढे केला तर वाचल्याशिवाय सही नको.

क्रम लावायचा कसा? फीचा विचार केला तर सरकारी आधी. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, आणि मुंबई महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय. सोलापूरकराला मुंबई वाटते तितकी लांब नाही: रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये झोपलं की सकाळी सीएसएमटी, आणि शासकीय दंत महाविद्यालय तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात. त्यानंतर खासगी. सोलापुरात केगावला पंडित दीनदयाळ उपाध्याय दंत महाविद्यालय आहे, लातूरला एमआयडीएसआर, सांगलीला वसंतदादा पाटील, पुण्यात रंगूनवाला आणि सिंहगड. घरी राहून शिकलं तर वसतिगृह-मेसचा खर्च पाच वर्षं वाचतो. ही रक्कम किरकोळ नाही, ती फीच्या शेजारी मांडूनच तुलना करा. खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि संकेतस्थळावर लावतं. कॉलेजने तोंडी सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून बघा.

एमबीबीएस हुकलं म्हणून बीडीएस भरणाऱ्याने एका प्रश्नाचं उत्तर लिहून काढावं: पुढच्या फेरीत कुठेतरी दूर एमबीबीएस मिळालं तर मी हे सोडणार का? उत्तर 'हो' असेल तर यादीत एमबीबीएसच्या सगळ्या मान्य जागा वर, बीडीएस खाली. 'माहीत नाही' असेल तर यादी भरायला बसू नका, आधी घरात बोला.

आता कॉलेजची मुलाखत घ्या

पसंती भरण्याआधी एका कामाच्या दिवशी सकाळी दहाला कॉलेजच्या ओपीडीत जाऊन बसा. केसपेपर काढून दात दाखवायलाही हरकत नाही. दंतवैद्यकी हाताने शिकतात, आणि हात रुग्णांवरच बसतो. इमारत, बाग, प्रवेशद्वाराची कमान याने काहीही ठरत नाही. मोजायचं ते हे: नोंदणीच्या खिडकीवर रांग आहे का? दात काढण्याच्या विभागात किती खुर्च्या चालू आहेत आणि किती प्लास्टिकने झाकलेल्या? रूट कॅनॉल इंटर्न करतोय की फक्त एमडीएसचे (पदव्युत्तर) विद्यार्थी? दुपारी दोननंतर विभाग ओस पडतो का?

मग इंटर्नला गाठा, चहाच्या टपरीवर. त्याला विचारा: तुझ्या हातून आतापर्यंत किती दात निघाले, कवळ्या किती पूर्ण झाल्या? ठरवून दिलेल्या कामांचा आकडा भरायला रुग्ण स्वतः आणावे लागतात का, त्यांचे पैसे कोण भरतं? पहिल्या-दुसऱ्या वर्षी साहित्यावर किती गेले? इंटर्नशिपचं विद्यावेतन महिन्याला हातात किती पडतं? मुद्दाम 'हातात' म्हणा. कागदावरचा आकडा वेगळा असू शकतो. साहित्याचा खर्च पालकांच्या हिशेबात कधीच नसतो. पहिल्या वर्षी मेण, लेक्रॉन कार्व्हर, दुसऱ्या वर्षी टायपोडोंट, इम्प्रेशन ट्रे, पुढे एअरोटरचा हँडपीस. बरंचसं सीनिअरकडून अर्ध्या किमतीत मिळतं, म्हणून ही ओळख तशीही कामाची.

आपल्याला हे काम जमेल का, याची घरच्या घरी चाचणी हवी असेल तर पांढऱ्या मेणबत्तीचा किंवा साबणाचा चौकोनी तुकडा घ्या, आरशात स्वतःचा वरचा पुढचा दात बघा, आणि बोथट चाकूने तो दुपटीच्या मापात कोरा. पहिला वाकडाच येईल. तिसऱ्या तुकड्यापर्यंत बसून राहायची इच्छा टिकली, तर पहिल्या वर्षीचं डेंटल ॲनाटॉमीचं प्रॅक्टिकल तुम्हाला छळणार नाही. हीच तिथली रोजची कसरत.

बँकेतली मुलाखत

खासगीत कर्ज लागणारच. विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज करा आणि बँकेत जाताना सीईटी सेलचं जागावाटप पत्र, मंजूर फीचा तक्ता आणि वसतिगृह-साहित्याचा अंदाज एका पानावर न्या. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेत ४ लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा लागत नाही, त्यावर देशांतर्गत शिक्षणाला ५ टक्के. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला पतहमी योजनेत तारण लागत नाही. परतफेड अभ्यासक्रमानंतर एक वर्षाने सुरू होते. मॅनेजर विद्यार्थ्यालाच विचारतो: 'बीडीएस करून फेडणार कसं?' तिथे वडिलांनी उत्तर देऊ नये. विद्यार्थ्याने सांगावं: पाच वर्षं, त्यात शेवटचं इंटर्नशिपचं. नंतर एमडीएससाठी पुन्हा नीट, किंवा एखाद्या दवाखान्यात सहायक, मग स्वतःची खुर्ची. क्लिनिक टाकायला नव्याने भांडवल लागतं, हेही लपवू नये.

कर्जाचा आकडा ठरवण्याआधी सवलती वजा करा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मुलांसाठी राजर्षी शाहू शिष्यवृत्तीत निम्मं शिक्षण शुल्क. दोन्हीचा अर्ज महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर, आणि दोन्हीला अट एकच: प्रवेश सीईटी सेलच्या केंद्रीभूत फेरीतून हवा. संस्थात्मक कोट्यातून घेतला की सवलत गेली.

परदेशातलं पॅनल

ब्रिटनला जायचं असेल तर तिथे खरी मुलाखत आहे. यूकॅट ही प्रवेश चाचणी, यूकास या तिथल्या सामायिक प्रवेशसंस्थेकडचा अर्ज १५ ऑक्टोबरपर्यंत, दंतवैद्यकीसाठी जास्तीत जास्त चार विद्यापीठं. मुलाखत बहुतेक ठिकाणी छोट्या स्थानकांची: पाच-आठ मिनिटांत एक प्रसंग, घंटा, पुढचं दार. पाठ केलेलं भाषण तिथे पहिल्या मिनिटात उघडं पडतं. तयारी घरात होते. मिश्री लावणाऱ्या आजीला ती का सोडायची हे तीन मिनिटांत, न रागावता, तिच्या शब्दांत समजावून सांगा. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि तिला बोलायला किती जागा दिली ते मोजा. विड्या वळणाऱ्या बाईंना दात काढायची भीती वाटते, एका मित्राने प्रॅक्टिकलमध्ये नक्कल केली, असे प्रसंग एकेक करून घ्या. 'दंतवैद्यकीच का' याला 'समाजसेवा' हे उत्तर देऊ नका. ओपीडीत पाहिलेलं एक काम सांगा: गुटख्याने तोंड दोन बोटांपेक्षा जास्त न उघडणारा तरुण, आणि डॉक्टरांनी त्याला काय विचारलं. अमेरिकेत आधी पदवी, मग डॅट ही प्रवेश चाचणी, मग चार वर्षं. बारावीनंतर लगेच ती वाट नाही.

जागा मिळाल्यावर

वाटपपत्र छापा आणि कॉलेजला फोन करून डीडी कुणाच्या नावे, किती रकमेचे, किती, हे विचारा. सरकारी कॉलेजात तो बहुधा अधिष्ठात्यांच्या नावे असतो. डीडीला बँकेत अर्धा दिवस जातो आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँक बंद. मूळ कागद एका फाइलमध्ये, स्वसाक्षांकित झेरॉक्सचे तीन संच, दहा फोटो, आणि सगळ्याचं स्कॅन मोबाइलवर. मूळ कागद कॉलेज ठेवून घेतं, म्हणून जमा करण्याआधी रंगीत झेरॉक्स काढा आणि पोचपावतीवर प्रत्येक कागदाचं नाव लिहून घ्या. एमसीसीची फेरी चालू असताना सीईटी सेलची जागा मिळाली, तर मूळ कागद एकाच ठिकाणी असू शकतात. कुठली जागा सोडायची ते ठरवून राजीनामा ऑनलाइन नोंदवून घ्या. नुसतं न जाणं म्हणजे राजीनामा नव्हे.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी पोचायचं असेल तर आदल्या रात्रीची गाडी धरा. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पुण्यापर्यंत सोयीची असली, तरी ती उशिरा पोचली तर त्या दिवशी दुसरी संधी नसते. काउंटर पाचला बंद होतो.